तरोड्याच्या घराची वही: एक पाडवा ते दुसरा पाडवा

९ एप्रिल २०२४, मंगळवार (गुढीपाडवा)

आज गृहप्रवेश झाला. सहा वर्षं नांदेडातच श्रीनगर भागात दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं काढली, आता तरोड्यात स्वतःचं रो-हाऊस. रिसेलचं आहे, आठ वर्षं जुनं, पण खालची जमीन आपली आणि वरची गच्ची आपली. सकाळी गुढी उभारली, दूध उतू घातलं, शेजारच्या सरदारजी काकांनी स्वतःहून शिडी आणून तोरण बांधून दिलं. म्हणाले, "काय लागलं तर हाक मार पोरी, भिंतीला भिंत हाय आपली." आपलं नांदेडचं मराठी जसंच्या तसं, माझ्या माहेरची माणसं बघतच राहिली.

आत्याबाई मात्र आल्या नाहीत. सासूबाईंना आम्ही आत्याबाईच म्हणतो. त्यांचं गाव किल्लारीपासून, १९९३ ला मोठा भूकंप झाला तिथून, सात-आठ किलोमीटरवर. २१ मार्चला सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी हिंगोलीकडं भूकंप झाला, ४.५ चा, नांदेडात पण जाणवला, ते त्यांनी टीव्हीवर बघितलं आणि ह्यांना फोन करून सांगितलं की घर घेतलाव ते बरं केलाव, पण मी काय त्या स्लॅबखाली झोपायला यायची नाही. हे दिवसभर पाहुण्यांशी बोलत होते पण लक्ष तिकडंच होतं, मला कळत होतं.

संध्याकाळी कपाट सरकवताना भेग दिसली. हॉल आणि बेडरूमच्या मधल्या भिंतीवर, दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून निघून तिरकी वर गेलेली. घर बघायला आलो तेव्हा तिथं मालकांचं मोठं घड्याळ होतं, ते काढून नेल्यावर उघडी पडली. मी करंगळीचं नख घातलं तर नख आत गेलं.

१४ एप्रिल, रविवार

पेंटर येऊन गेला. म्हणाला पुट्टी मारतो, दोन हात कलर देतो, दिसायची पण नाही. हे लगेच तयार झाले, मी नको म्हणाले. घर घेताना जेवढे पैसे मोजले तेवढे आयुष्यात कधी मोजले नव्हते, आता ही भेग कशानं पडली ते कळल्याशिवाय मला तिच्यावर रंग चढवायचा नाही. थोडं वाजलं आमचं.

२१ एप्रिल, रविवार

माझ्या मैत्रिणीचा भाऊ स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, तो आला. तीन तास होता. बाहेरून चारी बाजूंनी फिरला, गच्चीवर गेला, मागच्या ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण काढलं, मग हॉलमध्ये येऊन स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं गिलावा वाजवत वाजवत कॉलमपर्यंत गेला आणि कॉलमजवळचा बोटभर गिलावा खरवडून बघितला. ह्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, पडंल का घर? तो म्हणाला भेग चार इंची पार्टिशनच्या भिंतीत आहे, कॉलम बीम स्लॅब कुठंच नाही, आणि चौकटीच्या वर लिंटेल, म्हणजे काँक्रीटची आडवी पट्टी, सलग फिरवलेला आहे तो बघा.

मग जे सांगितलं ते नीट लिहून ठेवते, कारण आमच्या वसाहतीत दहा घरांत तरी असल्या भेगा आहेत आणि जो तो पुट्टीच मारतोय.

आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. शेतात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात की नाही, तीच माती घराखाली पण आहे. इथं पाच-सहा फूट काळी, त्याखाली मुरूम. कॉलमचे फुटिंग, म्हणजे पाये, खाली मुरमापर्यंत गेलेत म्हणून सांगाडा हलत नाही. पण फरशी आणि ही मधली भिंत प्लिंथमधल्या, म्हणजे जोत्यातल्या, भरावावर बसलीय, आणि भराव मुरमाचा करायचा सोडून ज्यानं बांधलं त्यानं खणून निघालेली काळी मातीच आत ढकललीय, तेवढे मुरमाचे ट्रॅक्टर वाचवले. त्यात मागच्या कोपऱ्याला चेंबर पाझरतोय आणि गच्चीच्या पाण्याचा पाइप पण बरोबर त्याच कोपऱ्यात भिंतीच्या बुडाशी सोडलाय. म्हणजे एक कोपरा बारमाही ओला आणि फुगलेला, बाकीचा भराव उन्हाळ्यात वाळून खाली बसतो. भिंत मधल्या मधे ताणली जाते आणि चौकटीचा कोपरा सगळ्यात कच्चा, तिथनं फाटते.

उपाय काय म्हटलं तर म्हणाला, वर्षभर भेगंला हात लावायचा नाही. एक उन्हाळा, एक पावसाळा, एक हिवाळा जाऊ द्या, नुसतं मोजा आणि लिहा. पाणी आधी बंद करा, भेग सगळ्यात शेवटी.

मोजायची तर मला सवयच आहे, हायस्कूलला गणित-विज्ञान शिकवते. भेगेच्या दोन बाजूंना दोन बारीक खिळे ठोकले, बरोबर १०.०० सेंटिमीटर अंतरावर, व्हर्नियरनं (मिलिमीटरचा दहावा भाग दाखवणारी मापपट्टी) मोजून. आणि मायक्रोस्कोपची एक काचेची स्लाइड भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं अरल्डाइटनं चिकटवली, मधे मोकळी. भिंत हलली की काच तडकणार. खाली पेन्सिलीनं तारीख टाकली. भेगेची रुंदी आज ३ मिलिमीटर.

२७ एप्रिल

काल नांदेडचं मतदान होतं, ड्यूटी लागली होती, रात्री दीड वाजता घरी आले. आज दिवसभर झोपून काढला.

१२ मे, रविवार

ऊन मरणाचं आहे. दुपारी गच्चीवर अनवाणी पाय ठेववत नाही आणि रात्री दहा वाजता पण आतून स्लॅबला हात लावला तर गरम लागतो. दिवसभर पिलेलं ऊन रात्रभर खाली सोडतोय. भाड्याच्या घरी आमच्या वर अजून एक मजला होता त्यामुळं हे कधी भोगलंच नव्हतं, आणि कूलर लावून पण पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही.

आज पहाटे पाचला उठून दोघांनी गच्चीला चुना मारला. चुनखडी आदल्या रात्री ड्रममध्ये भिजवली, गाळून घेतली, त्यात पांढरं सिमेंट आणि फेविकॉल. एक हात झाला, दुसरा उद्या पहाटे. आधी गच्ची झाडून, धुऊन, वाळवून घ्यायला पाहिजे, नाहीतर पापडी सुटते. ह्यांनी पाठ मोडेपर्यंत केलं, बरेच दिवसांनी आम्ही दोघं एकाच कामात होतो आणि गप्पा चालू होत्या. उतरताना म्हणाले, "आईला ह्या उन्हाळ्यात आणायचंय गं." मी हो म्हणाले.

२६ मे, रविवार

खिळ्यातलं अंतर १०.०६. काच तडकली, मधोमध, सरळ रेषेत. इंजिनियरनं सांगितलं तसंच, माती वाळतीय आणि भेग उघडतीय. बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरला ११४० मिलिग्रॅम. भारतीय मानकाप्रमाणं ५०० पर्यंत चांगलं, दुसरी सोयच नसली तर २००० पर्यंत चालवून घ्यायचं. आमचं मधेच. बादलीच्या कडंला पांढरा थर बसतोय, डाळ शिजायला दोन शिट्ट्या जास्त लागतात.

९ जून, रविवार

मृग लागला आणि काल रात्री पहिला दणका दिला. मातीचा वास घरात आला तेव्हा दोघंही झोपेतून उठून दारात येऊन बसलो.

गच्चीचं पाणी वळवायचं काम मात्र पावसाच्या आधीच उरकलंय. मागच्या कोपऱ्यातला पाइप बंद केला, तोच आडवा फिरवून पुढं अंगणात ड्रमच्या फिल्टरमधून बोअरमध्ये सोडला. ड्रममध्ये खाली मोठी खडी, वर बारीक खडी, मग जाळी आणि वाळू. पहिले दोन-तीन पाऊस बाहेर सोडून द्यायचे, त्याला वेगळा व्हॉल्व्ह आहे, गच्ची धुऊन निघाल्यावर मगच बोअरला. बोअर घरापासून बारा फुटांवर आहे म्हणून ठीक. काळ्या मातीत भिंतीला लागून शोषखड्डा अजिबात घेऊ नका, तेच पाणी पायाखाली जातं. हिशोब सोपा आहे, १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. आमची गच्ची ७९ चौरस मीटर, नांदेडचा पाऊस साधारण ९०० मिलिमीटर धरला तर उडालेलं सांडलेलं सोडून ५०,००० लिटरच्या पुढं जातंय. एवढं पाणी आठ वर्षं भिंतीच्या बुडाशी ओतलं.

१६ जून, रविवार

मी आठवडाभर माहेरी परभणीला होते. आज आले तर भेग गायब. ह्यांनी काच काढून पुट्टी मारून घेतली आणि वर कलर. खिळे तेवढे ठेवलेत. मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाले, आई येतीय परवा, तिच्या नजरंला पडली तर ती एक रात्र राहायची नाही.

मला राग आला होता पण बोलता आलं नाही. १९९३ ला हे तीन वर्षांचे होते. त्यांना स्वतःला काही आठवत नाही, आईचं घाबरणं तेवढं आठवतं, भांडं पडलं तरी ती त्यांना उचलून बाहेर पळायची.

३० जून, रविवार

जे व्हायचं ते झालं. दहा-बारा दिवस आत्याबाई हॉलमध्ये झोपल्या, डोकं दाराकडं करून. पाऊस बरा झाला, माती फुगायला लागली, भिंत उलट्या बाजूनं मिटायला लागली आणि मधली पुट्टी जाणार कुठं? आधी कलरला फुगा आला, मग शुक्रवारी रात्री अकरा वाजता वीतभर कपची सुटून फरशीवर पडली. आवाज फार झाला नाही पण त्या उठून बसल्या, लाइट लावला, भेगेकडं बघितलं आणि ह्यांच्याकडं बघून म्हणाल्या, "मला ठाऊक असतं तर आले नसते का रे मी? सांगायचं की." एवढंच. मग स्वतःची वाकळ उचलली आणि बाहेर पोर्चमध्ये बाज टाकून झोपल्या. हे रात्रभर त्यांच्या शेजारी खुर्चीवर बसून होते.

आज सगळी पुट्टी ब्रशनं काढून भेग साफ केली. अंतर ९.९५. नवी स्लाइड चिकटवली. आत्याबाई मागं उभ्या राहून बघत होत्या, हे काय म्हणून विचारलं, मी सांगितलं की भिंत केसभर जरी हलली तरी ही काच तुटते, आपल्याला आधी कळतं. त्यांनी मान हलवली पण झोपायला आत काही आल्या नाहीत. पोर्चला आम्ही मच्छरदाणी बांधून दिली.

१० जुलै, बुधवार

सकाळी ७ वाजून १४ मिनिटं.

मी डबे भरत होते. आधी आवाज आला, खालून, लांबून जड ट्रक यावा तसा, आणि मग मांडणीतली ताटं एकमेकांवर किणकिणली. मला वाटलं गॅसवरचा कुकर आहे. तेवढ्यात बाहेरून आत्याबाईंचा आवाज, "भाईर या! भाईर या लेकरांनो!" असला आवाज मी त्यांचा कधीच ऐकला नव्हता. मी गॅस बंद केला का नाही ते पण आठवत नाही (नंतर बघितलं तर केला होता), हे बाथरूममधून टॉवेलवर पळत आले, आणि आम्ही अंगणात आलो तोपर्यंत संपलं सुद्धा. काही सेकंदांचा खेळ. आत्याबाईंनी आम्हा दोघांचे दंड धरले होते आणि वर बघून आम्हाला विजेच्या तारेखालून बाजूला ओढत होत्या. सगळी गल्ली बाहेर. सरदारजी काका नातीला कडेवर घेऊन उभे.

अर्ध्या तासात टीव्हीवर आलं, केंद्र हिंगोली जिल्ह्यात कळमनुरीकडं, ४.५. नांदेड, परभणी, हिंगोली सगळीकडं जाणवला.

आठ वाजले तरी कुणी आत जाईना. मग आत्याबाईच म्हणाल्या, "जा, मोज की ते तुझं." मी व्हर्नियर घेऊन आत गेले, हात थरथरत होते म्हणून तीनदा मोजलं. तिन्ही वेळा ९.९३, रविवारी होतं तेवढंच. काच सलग. बाहेर येऊन सांगितलं. मग त्या स्वतः चप्पल काढून आत आल्या, भिंतीजवळ गेल्या आणि स्लाइडवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, अगदी हळू, वाती वळताना कापूस चाचपतात तसं. काही बोलल्या नाहीत. मग चहा ठेवला.

शाळेत जाऊन पोरांना भूकंपाच्या लाटा शिकवल्या, आज वेगळं उदाहरण द्यावं लागलं नाही.

११ ऑगस्ट

अंतर ९.८८. दर रविवारी मोजणी, आता आत्याबाई आदल्या दिवशीच आठवण करतात. काच ओल्या फडक्यानं पुसून ठेवतात. तडकली होती, मागच्या रविवारी बदलली. तडकली तेव्हा त्या घाबरल्या नाहीत, म्हणाल्या पाऊस झालाय, मिटायलीय ती. भेगेची रीत त्यांना माझ्याआधी पाठ झाली, काळ्या रानात आयुष्य गेलंय त्यांचं.

कडुनिंबाचं रोप आणलं होतं पुढं भिंतीजवळ लावायला, इंजिनियर नको म्हणाला. झाड जेवढं उंच होणार तेवढं तरी घरापासून लांब पाहिजे, मुळं पायाखालचं पाणी ओढतात आणि माती अजून आकसते. ते शाळेच्या मैदानात लावलं. घरी कढीपत्ता.

२ सप्टेंबर, सोमवार (पोळा)

दोन दिवस नुसती झड. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडलेत, गोदावरी भरून चाललीय, सखल भागात घरात पाणी शिरलंय, आमच्याकडं रस्त्यावर पोटरीएवढं होतं पण प्लिंथ उंच आहे म्हणून वाचलो. मातीचे बैल पुजले, पुरणपोळी झाली. आत्याबाईंना गावाकडचे बैल आठवून भरून आलं, आता तिथं पण ट्रॅक्टरच आहे.

ह्या पावसात मागचा चेंबर कसा पाझरतो ते डोळ्यानं दिसलं. बादलीभर पाण्यात निळ टाकून बाथरूममध्ये ओतली, आणि चेंबरच्या बाहेरच्या मातीत वीस मिनिटांत निळसर पाणी वर आलं. विटेच्या चेंबरला आतून गिलावाच केलेला नाही. अंतर ९.८३. भेग आता १.३ मिलिमीटर, वर्षातली सगळ्यात कमी असावी.

१७ सप्टेंबर, मंगळवार

यंदा अनंत चतुर्दशी आणि मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन एकाच तारखेला. सकाळी शाळेत झेंडावंदन, संध्याकाळी आमच्या बादलीतच गणपतीचं विसर्जन.

ह्या रात्री आत्याबाई झोपत नाहीत. हे मला ह्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगितलं होतं, पण सोबत बसायची वेळ आज आली. पोर्चमध्ये तिघं बसलो होतो, मिरवणुकांचे आवाज लांबून येत होते. त्यांनी आपणहून काढलं, मी त्यांच्या शब्दात लिहिते जेवढं आठवतंय तेवढं.

"गणपती बुडवून समदे उशिरा झोपले होते. म्हस व्यायला झाली होती म्हणून मी गोठ्यात, ह्याला मांडीवर घेऊन. पाटंचे चार वाजायलेत. आधी कुत्री वरडली. मग खालनं कायतरी गडगडत आलं बघ आन् आमचा वाडा उभाच्या उभा खाली बसला, पडला नाही, बसला. धुरळा इतका की माझी हाक मलाच ऐकू येईना. माझी जाऊ आन् तिची दोन लेकरं आत होती."

मग बराच वेळ गप्प. मग भिंतीबद्दल बोलायला लागल्या. "अडीच हाताची भिंत होती, लोकं म्हणायचे गढीवानी हाय. बाहेरून दगड, आतून दगड, मधे चिखल आन् गोटे. एक पण दगड ह्या बाजूनं त्या बाजूला गेलेला नाही. आन् वर माळवद. दरसाली मृगाच्या आधी पांढरी माती आणून टाकायचो गळू नये म्हणून. जुनी कुणी काढली का? सासूनं टाकली, मी टाकली, जावंनं टाकली. आम्हीच टाकली की."

त्या "आम्हीच" नंतर ह्यांनी त्यांचा हात धरला. मी शिक्षिका आहे, मला वाटलं सांगावं की चूक तुमची नव्हती, उन्हाळ्यात माळवद गार राहायचं म्हणून सगळ्या मराठवाड्यात तशीच घरं होती. सरकारच्या नकाशात पण तो भाग झोन एकमध्ये होता, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा. २००२ ला नकाशा बदलला तेव्हा झोन एक हा प्रकारच काढून टाकला. दहा हजाराच्या आसपास माणसं गेली त्या पहाटे, ३० सप्टेंबर १९९३, ३ वाजून ५६ मिनिटं. हे सगळं मी सांगितलं पण, हळूहळू. त्या ऐकत होत्या. शेवटी विचारलं, "मग ह्या घराला आरपार काय हाय?"

रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन त्यांना घरभर फिरवलं. हे चार कॉलम इथून इथपर्यंत, ही खालची प्लिंथ बीम, हा लिंटेल सगळ्या भिंतींवरून फिरलेला, हा वरचा बीम, आत सळई एकमेकींत अडकवलेली, टोपलीची वीण असते तशी. चौकटीच्या वर लिंटेलवर त्यांनी हात उंचावून थाप मारून बघितली. चार वाजेपर्यंत आम्ही तिघं जागेच होतो. पाच वाजता त्या उठून अंघोळीला गेल्या.

२० ऑक्टोबर, रविवार

पाऊस गेला, जमीन थोडी वाळली, खोदकाम काढलं. जुना चेंबर तोडून नवा, आतून दोन हात गिलावा, पाइपचे जॉइंट सगळे बदलले. घराभोवती तीन फूट रुंद कोबा, खाली मुरूम ठोकून, बाहेरच्या बाजूला उतार. मिस्त्रीनं आधी उतार उलटा केला होता, घराकडं. आत्याबाईंनी तांब्याभर पाणी ओतून त्याला दाखवलं आणि पुन्हा करायला लावलं. ह्यांनी दिवाळीच्या खरेदीचे पैसे ह्यात घातले, मी पण बोलले नाही, ह्या वर्षी साडी नको होतीच. खर्च २८,४०० रुपये. अंतर ९.८४. टीडीएस ७८०, डाळीला आता नेहमीच्याच शिट्ट्या लागतात.

२४ नोव्हेंबर

गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर बसलं. केंद्राच्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० सबसिडी आहे, पॅनलचे पाय स्लॅबला भोकं न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसवून घेतले, ह्यावर अडून बसा, नाहीतर पुढच्या पावसात तिथूनच गळतं. चांगलं ऊन असलं की दिवसाला १२ युनिटच्या आसपास.

थंडी पडलीय. आत्याबाईंची बाज पोर्चमधून दाराच्या आत आली. आत म्हणजे उंबऱ्यापासून दोन हात. कुणी काही म्हणालं नाही, आम्हीपण नाही.

३० डिसेंबर, सोमवार (येळवस)

येळवसेला गावाकडं गेलो. लातूर-धाराशिवकडं ह्या अमावस्येला गावात माणूस सापडत नाही, समदे रानात. कडब्याची कोपी, आत पांढऱ्या रंगानं रंगवलेले पाच दगड, पांडव म्हणतात, त्यांची पूजा, मग आंबील शिंपडत रानाला फेरी. जेवायला भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर. भज्जी म्हणजे तळलेली भजी नाही हे बाहेरच्यांना दरवेळी सांगावं लागतं. हरभऱ्याचे, तुरीचे ओले दाणे, पालेभाज्या, बोरं, चिंच, बेसन, सगळं एका पातेल्यात रटरटतं आणि दोन दिवस खाल्लं तरी उबग येत नाही.

जेवण झाल्यावर आत्याबाई आम्हाला जुन्या गावठाणात घेऊन गेल्या. ह्यांना पण लहानपणापासून त्यांनी तिथं कधी नेलं नव्हतं. बाभळी उगवल्यात, दगडांचे ढीग, एका जागी जात्याची खालची तळी उलटी पडलेली. त्यांनी ती हातानं साफ केली, खालची माती झटकली आणि ह्यांना म्हणाल्या गाडीत ठेव. अर्धं जातंच, वरची पाळ नाही. दोघांनी उचलून आणलं, आता अंगणात कढीपत्त्याजवळ आहे, तुळशीची कुंडी त्यावर ठेवलीय.

२३ फेब्रुवारी २०२५, रविवार

अंतर ९.९०. डिसेंबरात ९.८८ होतं. म्हणजे दोन महिन्यांत ०.२ मिलिमीटर, आणि ह्या काळात माती वाळतच असते. इंजिनियरला फोन केला, तो म्हणाला पाणी थांबलंय, आता भरा. व्ही आकाराची खाच मारून, धूळ ब्रशनं आणि पाण्यानं काढून, पॉलिमरचं मॉर्टर दोन थरात, वर फायबरची जाळी, मग गिलावा. त्यानं सांगितलं की उन्हाळ्यात केसाएवढी रेघ पुन्हा दिसली तरी घाबरू नका, काळ्या मातीवर तेवढं चालतं.

काम ह्यांनी आणि मिस्त्रीनं मिळून केलं. जून महिन्यातली पुट्टी आठवत होती ह्यांना, दर थराला मला बोलावून दाखवत होते. मी म्हटलं अहो पुरे आता, मला दिसतंय.

३० मार्च २०२५, रविवार (गुढीपाडवा)

गुढी उभारली. ह्या वर्षी काठीला बांधायची साखरेची गाठी आत्याबाईंनी आणली, वजिराबादेत स्वतः रिक्षानं जाऊन.

मोजणी: ९.९१. गेल्या एप्रिलात १०.०० आणि मे महिन्यात १०.०६ होतं. भरलेल्या जागेवर कालच नवीन स्लाइड चिकटवली. सकाळी बघते तर उंबऱ्याला, गॅसला, सोलरच्या डब्याला हळदीकुंकू लावता लावता आत्याबाईंनी काचेच्या वरच्या भिंतीला पण दोन बोटं लावलीत. काचेवर लागू दिलं नाही, नाहीतर तडा दिसायचा नाही म्हणाल्या.

रात्री त्या आतल्या खोलीत झोपतात आता, त्याच भिंतीला लागून. पुढच्या दाराची कडी आम्ही लावत नाही, जाळीचं दार तेवढं लोटून ठेवतो.

गच्चीचा चुना ह्या रविवारी राहिला, पुढच्या पहाटे मारायचा. पुढची मोजणी २७ एप्रिलला, नंतर मृग लागल्यावर.